दारं नसलेली गाडी

माझा नवरा लायनेल कॉव्हेंट्रीच्या मोटार कारखान्यात डावीकडचं पुढचं दार बसवायचा. उजवीकडचं नाही, मागचंही नाही, फक्त डावीकडचं पुढचं. लाइनवरून गाडी सरकत यायची, हा दार लावायचा, बिजागरीचे बोल्ट आवळायचा, आणि गाडी पुढच्या माणसाकडे जायची. अकरा वर्षं त्यानं हेच केलं. आणि अशा माणसानं घरच्या गॅरेजात आपल्या हातानं पहिली अख्खी गाडी बांधली, तर तिला दारंच नव्हती! दोन माणसांची, जमिनीला पोट लागेल इतकी बसकी स्पोर्ट्‌स कार. आत जायचं तर बाजूवरून टांग टाकायची. हे मी त्याला इतक्या वेळा ऐकवलंय, की आता मी तोंड उघडायच्या आतच तो म्हणतो, ‘‘झालं, एव्हरिल? आता चहा ठेव.’’

ती गाडी आम्ही केव्हाच विकली. मुलं झाली, तिघं-चौघं दोन सीटांवर कशी बसणार? आज त्या गॅरेजात नातवाची सायकल आणि मोडका फ्रिज आहे. पण मी कपडे वाळत घालायला मागे गेले, की एकोणीसशे बाहत्तरचे ते जुलै-ऑगस्टचे दिवस आठवतात आणि हातातला चिमटा हातातच राहतो.

खरी गोष्ट माझ्या सासऱ्याची, हॉरेसची आहे. तो जुन्या जमान्यातला कारागीर. लढाईच्या आधी एका लहानशा वर्कशॉपमध्ये गाड्यांच्या बॉड्या हातानं घडवायचा. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोड्यानं ठोकत ठोकत अख्खं मडगार्ड उभं करायचा. पुढे पत्रा दाबून घडवणारे मोठमोठे प्रेस आले आणि ती वर्कशॉपं बुडाली, पण म्हाताऱ्याचा तोरा काही उतरला नाही. माझ्या नवऱ्याला तो म्हणायचा, ‘‘तुम्ही लोक गाड्या करत नाही रे. गाड्या तुमच्यासमोरून जातात, एवढंच.’’ लायनेल हसायचा. पण घरी आल्यावर त्या रात्री तो नीट जेवायचा नाही, हे मला ठाऊक होतं.

म्हणूनच त्यानं घरी जोडायच्या गाडीचं किट मागवलं. श्रॉपशरमधल्या एका शेडवजा कंपनीकडून एका ट्रकमधून चासीचा सांगाडा, पत्रे आणि खोकीच्या खोकी आली. इंजिन एका ठोकरलेल्या अँग्लिया मोटारीतून काढलं. सगळी खोकी उघडली तरी जोडणीचा कागद कुठे सापडेना. तो नसणारच होता. तयार गाडीवर तेव्हा सरकारी कर भरमसाट होता; सुटे भाग घेऊन घरी स्वतः जोडली तर तो माफ. मात्र मग कशी जोडायची हे कंपनीनं सांगायचं नाही आणि बाहेरच्या कारागिराचा हात गाडीला लागायचा नाही, असं आमच्याकडे सगळे सांगत. कंपनी चतुर होती. तिनं ‘गाडी सुटी कशी करावी’ अशी आठ पानं पाठवली होती. ती शेवटच्या पानापासून उलटी वाचायची की झालं! लायनेल रोज बशीत टोस्ट घेऊन ती उलटी वाचत बसायचा.

पहिल्याच रविवारी हॉरेस आला. काखेत हत्यारांची जुनी चामडी पिशवी होती. इतक्या वर्षांनी ती पिशवी बाहेर निघाली, हीच मोठी गोष्ट होती. गॅरेजात येऊन त्यानं ती फळीवर ठेवली आणि बक्कल उघडायला घेतलं.

तेवढ्यात लायनेल म्हणाला, ‘‘डॅड, तुम्ही हात लावू नका हं. तुम्ही कारागीर. कर लागेल.’’

मी दारातच होते. म्हटलं, ‘‘आणि मग मी? सीटा मीच शिवणार ना? कारखान्यात मीही दिवसभर सीटाच शिवते!’’

‘‘तू बायको आहेस. तू मोजण्यात नाहीस.’’

हे वाक्य मी त्याला पन्नास वर्षांत माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण त्या वेळी माझं लक्ष म्हाताऱ्याकडे गेलं. बक्कल तसंच अर्धवट ठेवून त्यानं पिशवी परत काखेत मारली आणि गेला.

त्यानंतर तेरा महिने तो दर रविवारी जेवायला यायचा. भाजलेलं मटण, यॉर्कशर पुडिंग, शेवटी गोड कस्टर्ड. सगळं चापून खायचा, माझ्याशी गप्पा मारायचा. पण स्वयंपाकघरापासून वीस पावलांवरच्या त्या गॅरेजात त्यानं पाऊल टाकलं नाही. गाडीचा विषय निघाला की तो आपल्या वाटाण्याच्या वेलांवर बोलायचा. लायनेलही बोलवायचा नाही. दोघांच्या मधे बसून मी ग्रेव्हीचं भांडं इकडून तिकडे करायची आणि दोघांचीही डोकी एकमेकांवर आपटावीत असं मला वाटायचं.

आणि मग म्युरिएलचं पत्र आलं. म्युरिएल म्हणजे लायनेलची थोरली बहीण, ॲडलेडला स्थायिक झालेली. तिनं बापाला कायमचं बोलावलं होतं. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली होती, घर खायला उठायचं, तो हो म्हणाला. पाच ऑगस्ट, शनिवार, साउदॅम्प्टनहून बोट. सत्तरीचा माणूस एकदा ऑस्ट्रेलियाला गेला की परत कसला येतोय? आला नाहीच. सहा वर्षांनी तो तिकडेच वारला आणि आम्हाला तर तिकिटाचं नावही काढता आलं नाही.

पत्र आल्यावर तिसऱ्या दिवशी लायनेल म्हणाला, ‘‘मी त्याला माझ्या गाडीतून बोटीपर्यंत नेणार.’’

‘‘गाडीला अजून बॉनेट नाही, सीटा नाहीत, हॉर्न नाही,’’ मी म्हटलं.

‘‘सुट्टीत होईल.’’ मग म्हणाला, ‘‘जाण्याआधी एकदा तिच्याकडे बघून काहीतरी बोलावं गं त्यानं. वाईट बोलला तरी चालेल.’’

जुलैच्या शेवटी आमचे सगळे कारखाने पंधरा दिवस एकदम बंद व्हायचे आणि सगळं शहर समुद्राकाठी पळायचं. त्या वर्षी आमची गल्ली ओस पडली आणि आम्ही दोघंच मागे राहिलो. दिवसभर गॅरेजात. मी गर्द तांबड्या रेक्झिनच्या सीटा शिवल्या, कडेनं पांढरी दोरी घालून. ते रेक्झिन कुठून आलं ते विचारू नका. त्या काळी कॉव्हेंट्रीतल्या निम्म्या घरांतल्या खुर्च्यांवर मोटारीचंच कापड असायचं. मी गालिचे कापून चिकटवले, टपाच्या कापडाला टिचबटणं ठोकली. लायनेलनं वेगाची, पेट्रोलची काट्यांची घड्याळं बसवली, तारा जोडल्या. पहिल्यांदा स्टिअरिंग डावीकडे फिरवलं तर हॉर्न वाजायला लागला, आणि उजवीकडे आणेपर्यंत थांबेना. मी हसून हसून सीटवर लोळले. तोही हसला. किती दिवसांनी असे हसलो होतो आम्ही!

मग बॉनेट लावायला घेतलं आणि हसू संपलं.

ते बॉनेट म्हणजे ॲल्युमिनियमचा लांबलचक पत्रा. समोरच्या नाकाड्यापासून डॅशबोर्डपर्यंत तो सरळ बसायला हवा. उजवीकडे अगदी छान बसला. डावीकडे मात्र बोटभर उचलून राहिला. लायनेलनं भोकं घासून मोठी केली. खाली रबर घातलं. रबर काढलं. वरून गुडघा ठेवून दाबलं. तो दाबायचा तेवढ्यापुरतं बसायचं आणि हात काढला की परत वर. चार दिवस गेले. जगातला कुठलाही डावा दरवाजा डोळे मिटून बसवणारा माणूस, आणि डावीकडूनच हरला. सोमवारी संध्याकाळी तो पायरीवर बसून म्हणाला, ‘‘राहू दे. आगगाडीनंच सोडू त्याला.’’

त्याचा तो आवाज मला सहन झाला नाही. मंगळवारी सकाळी मी त्याला न सांगता हॉरेसच्या घरी गेले.

म्हातारा दिवाणखान्यात सामानाच्या खोक्याशी ओणवा झाला होता. मी सरळच म्हटलं, ‘‘डॅड, बॉनेट बसत नाहीये. तुम्ही एकदा या.’’

‘‘मी कारागीर. कर लागेल ना!’’

‘‘तेरा महिने झाले त्या बोलण्याला! शनिवारी तुम्ही चाललात. हा कसला हट्ट?’’

तो खोक्याला सुतळी बांधायला लागला. एकदा गाठ मारली, सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. तेव्हा माझं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. बोटं वाकडी होऊन जाग्यावरच थिजल्यासारखी, टोकं पांढरी फटक. सुतळी त्याला चिमटीत धरताच येत नव्हती. रविवारी जेवताना तो काटा मुठीत धरायचा, ती मला त्याची ऐट वाटायची. मीही काय आंधळी!

‘‘कधीपासून?’’ मी विचारलं.

‘‘दोन-तीन हिवाळे झाले. चाळीस वर्षं ठोकलं, आता हात हिशेब मागतात.’’ त्यानं हात पाठीमागे घेतले. ‘‘लायनेलला सांगितलंस तर याद राख, पोरी. त्याला वाटू दे म्हातारा रागावलाय. रागावलेला बाप बरा.’’

मी गाठ मारून दिली. नाही सांगणार, असं कबूलही केलं. आणि घरी येऊन अर्ध्या तासात सांगून टाकलं. मी तरी काय करू? घरी आले तर हा पठ्ठ्या हातात करवत घेऊन उभा. बॉनेटची डावी कड कापायला निघाला होता. वर म्हणतो, ‘‘त्याला हातोडा घेऊन यायला काय झालं होतं? माझी फजिती बघायचीय त्याला.’’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ‘‘हातोडा? त्याला सुतळीची गाठ मारता येत नाही, लायनेल! त्याचे हात गेलेत!’’

मला वाटलं होतं, तो हादरेल. त्यानं करवत हळूच फळीवर ठेवली आणि म्हणाला, ‘‘माहितेय मला.’’

‘‘काय माहितेय?’’

‘‘त्या पहिल्या रविवारी तो बक्कल उघडत होता ना, बोटं नुसती वरून घसरत होती. मी समोरच होतो. म्हटलं, आता हा हातोडा उचलणार आणि तो माझ्यासमोर त्याच्या हातून पडणार. म्हणून तोंडाला आलं ते बोलून गेलो. कर बिर कसला! बापानं मदत केली तर कोण येतंय विचारायला?’’

मी खाली बसले. तेरा महिने! एकानं हात लपवले, दुसऱ्यानं हात लपवलेले दिसले नाहीत असं दाखवलं, आणि मी मधे बसून ग्रेव्ही वाढत राहिले.

‘‘मग नंतर नुसतं बघायला तरी बोलवायचंस, बावळटा!’’

‘‘काय म्हणून बोलवू? त्याच्याकडे मागण्यासारखे त्याचे हातच होते.’’

‘‘हात कशाला मागतोस? त्याचं डोकं माग. जाऊन सांग की डॅड, मला जमत नाहीये.’’

लायनेलनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्याला भर रस्त्यात कपडे काढायला सांगितलंय. आजवर हे वाक्य त्यानं बापासमोर उच्चारलं नव्हतं. पण बुधवारी सकाळी त्यानं हात घासून धुतले, चांगला कोट घातला आणि गेला. तिथे काय बोलणं झालं ते दोघांनीही मला कधी सांगितलं नाही. तासाभरानं दोघं गल्लीच्या तोंडाशी दिसले. हॉरेस पुढे, हा मागे. ऑगस्टच्या उन्हात म्हाताऱ्यानं ओव्हरकोट घातला होता आणि दोन्ही हात खिशात होते.

त्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. वाकून खालून पाहिलं. मग म्हणाला, ‘‘बॉनेटला काही झालेलं नाही. खाली सांगाड्याचे बोल्ट कसे आवळलेस?’’

‘‘घट्ट.’’

‘‘कधी?’’

‘‘कधी म्हणजे? लावला की लगेच. अर्धवट कोण सोडतं?’’

हॉरेस हसायला लागला. इतका हसला की त्याला खोकला आला. ‘‘अरे लाइनवाल्या! तुला काय वाटलं, गाडी पुढच्या माणसाकडे चाललीय? ती इथेच आहे रे बाबा, कुठे पळून जाणार होती? आधी सगळे बोल्ट नुसते बोटानं लावायचे, अगदी शेवटचा लागेपर्यंत. मग गाडी हलवायची, तिला जिथं बसायचंय तिथं बसू द्यायचं, आणि मग आवळायचं. तू पहिल्याच बोल्टापाशी तिला वाकडी धरून ठेवलीस. तेरा महिने बिचारी वाकडी उभी आहे.’’

लायनेलचे कान लाल झाले. खरंच तसं होतं. लाइनवरचा माणूस बोल्ट सैल सोडू शकत नाही. त्याचा हातच तयार नसतो.

‘‘मग आता?’’

‘‘सगळे सैल कर.’’

‘‘सगळे? डॅड, तीन दिवस राहिलेत!’’

‘‘म्हणून तर म्हणतो, बोलत बसू नकोस.’’

‘‘आणि माझे गालिचे?’’ मी ओरडले. ‘‘चिकटवलेत मी ते!’’

‘‘चिकटवलेलं निघतं, पोरी. रडायचं असेल तर नंतर रड.’’

सीटा निघाल्या, गालिचे निघाले. गालिचे काढताना मी दोघांना पोटभर शिव्या दिल्या. हॉरेसला मी स्वयंपाकघरातली खुर्ची आणून दिली आणि तो गॅरेजच्या मधोमध राजासारखा बसला. हात खिशातच. ‘‘तो राहिला. त्याच्या मागचा. अरे मागचा म्हणजे मागचा!’’ बुधवार आणि गुरुवार, दोन्ही दिवस. मधेच तो जुन्या वर्कशॉपच्या गोष्टी सांगायचा. कुणा फोरमननं नुकत्याच घासून चकचकीत केलेल्या मडगार्डवर जेवणाचा डबा ठेवला म्हणून चौघांनी त्याला कसं पाण्याच्या टाकीत बसवलं होतं, ते ऐकताना लायनेल गाडीखाली आडवा हसत होता आणि फक्त त्याचे बूट हलताना दिसत होते. मी डुकराच्या मटणाचे पाव आणि चहा आणायची. हॉरेसचा कप मी अर्धाच भरायची, तो दोन्ही तळव्यांत धरून प्यायचा. तेवढ्यापुरता लायनेल नेमका गाडीखाली जायचा. आमच्या घरातले ते सगळ्यात सुखाचे दोन दिवस होते, हे मी आजही कुणालाही सांगेन.

शुक्रवारी दुपारी सगळं सैल झालेलं असताना हॉरेस उठला. आम्ही तिघांनी गाडीला बाजूनं रेटा देऊन हलवायला सुरुवात केली. आम्ही दोघं हातांनी, तो कमरेनं. पाच-सहा हिसके दिल्यावर आत कुठेतरी ‘टक्’ असं वाजलं. ‘‘आता आवळ. समोरासमोरचे, थोडे थोडे,’’ हॉरेस म्हणाला. संध्याकाळी लायनेलनं बॉनेट ठेवलं. ते दाबावं लागलं नाही. दोन्हीकडे सारखं बसलं. लायनेल बापाच्या तोंडाकडे बघत राहिला.

‘‘हं,’’ हॉरेस म्हणाला, आणि त्याच्या घरी निघून गेला.

तेवढंच! लायनेल बराच वेळ पाना पुसत बसला. मी गालिचे परत चिकटवले.

शनिवारी पहाटेच ते दोघं निघाले. ज्या सीटा मी शिवल्या त्यांवर बसून ते गेले, आणि मी म्हाताऱ्याची बॅग घेऊन बसनं. गाडीत जागाच नव्हती ना! साउदॅम्प्टनच्या धक्क्यावर मी दोन तास त्यांची वाट बघत उभी होते. मनात सगळे अपघात होऊन गेले. मग एकदाची ती दिसली, रांगेतल्या मोठ्या गाड्यांच्या मधून तुरुतुरु येणारी. दोघांचे चेहरे वाऱ्यानं लालबुंद, केस उभे. हॉरेसला बाहेर काढायला आम्हा दोघांना हात द्यावा लागला. ‘‘जन्मभर दारं बसवलीस, लेका,’’ तो धापा टाकत म्हणाला, ‘‘बापासाठी एक लावलं असतंस तर काय बिघडलं असतं?’’

हमालानं बॅग नेली. बोटीवर चढायची हाक झाली. मी त्याच्या गालाची पापी घेतली. लायनेल नुसताच उभा. आणि मग हॉरेसनं खिशातून उजवा हात काढला. त्या वाकड्या बोटांचा तळवा त्यानं गाडीच्या नाकावर ठेवला, डोळे मिटले आणि हळूहळू चालत तो हात बॉनेटवरून मागे डॅशबोर्डपर्यंत नेला. बॉडी घडवणारी माणसं कामाची परीक्षा अशीच करायची. डोळा फसतो, तळवा फसत नाही, असं त्यांचं म्हणणं. पत्र्यात जरा खोल-उंच असेल तिथं हात आपोआप थांबतो आणि ज्याचं काम त्याला ते पुन्हा करावं लागतं.

त्यानं डोळे उघडले. ‘‘कुठे थांबला नाही माझा हात,’’ तो म्हणाला.

मला रडू आलं. मी लपवलंही नाही. लायनेलची नजर त्या हातावर होती, आणि तो बघतोय हे हॉरेसनं पाहिलं. हात त्यानं खिशात घातला नाही. तसाच मुलासमोर धरून ठेवला. मग म्हणाला, ‘‘गळ्याचं बटण लाव रे, पोरा. मला जमत नाही. बोटीवर वारा असेल.’’

लायनेलनं गळ्याचं बटण लावलं. मग त्याच्या खालचं लावलं. मग जमिनीवर गुडघा टेकून अगदी शेवटचंही लावलं.